बाळाचे रक्त जन्माआधी कसे वाहते आणि जन्मानंतर कसे वळते

प्रसूतीनंतर वार पडली की अनुभवी परिचारिका ती ट्रेमध्ये पसरून दोन्ही बाजूंनी तपासते आणि मग नाळेचे कापलेले टोक बोळ्याने पुसून त्यावर बारकाईने नजर टाकते. पांढुरक्या, बुळबुळीत गरात रुतलेली तीन तोंडे तिथे दिसतात. दोन लहान, जाड कडांची आणि किंचित वर आलेली. तिसरे मोठे, पातळ भिंतीचे आणि सैलसर. लहान तोंडे दोन रोहिण्यांची असतात आणि मोठे तोंड एकुलत्या एका नीलेचे. काही बाळांच्या नाळेत रोहिणी एकच असते आणि अशा बाळाच्या हृदयाची व मूत्रपिंडांची तपासणी अधिक काळजीने करावी लागते, म्हणून ही मोजणी. शाळेत पाठ केलेल्या नियमाने पाहिले तर मात्र या तीन नळ्यांचा हिशेब उलटा लागतो, कारण बाळासाठी प्राणवायू घेऊन येणारे रक्त इथे नीलेतून वाहते आणि वापरून झालेले काळपट रक्त रोहिण्यांतून वारेकडे परत जाते.

गर्भाच्या रक्ताभिसरणाचे सगळे वेगळेपण एका परिस्थितीतून आलेले आहे: फुप्फुसे आहेत, पण त्यांत हवा नाही. नऊ महिने प्राणवायू दुसरीकडून मिळवायचा, तो मेंदूला आणि हृदयाला आधी पोहोचवायचा, आणि तरीही फुप्फुसे अशी तयार ठेवायची की बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटापासून ती कामाला लागतील, असे हे अवघड काम आहे. ते ज्या व्यवस्थेने साधते ती व्यवस्था जन्मानंतर काही मिनिटांत मोडायला सुरुवात होते आणि पुढील काही दिवसांत तिच्या जागी कायमची व्यवस्था उभी राहते. या थोड्या दिवसांत काय काय घडते हे कळले, तर नवजात बाळाच्या तपासण्या, त्याच्या निळसर हातापायांविषयीची घरच्यांची धास्ती आणि डॉक्टरांची काही बाबतींतली घाई या सर्वांचा अर्थ लागतो.

पोटातले बाळ आईच्या रक्तावर वाढते असे आपण सहज म्हणतो. ते खरे आहे, पण आईचे रक्त बाळाच्या अंगात फिरत नसते. वारेच्या आत बाळाच्या रक्तवाहिन्यांचे अतिशय बारीक, पुन्हा पुन्हा फाटे फुटलेले अंकुर असतात आणि ते आईच्या रक्ताने भरलेल्या पोकळीत बुडालेले असतात. दोघांच्या रक्तामध्ये एक पातळ पडदा कायम राहतो, आणि म्हणूनच आईचा रक्तगट एक व बाळाचा दुसरा असूनही बहुतेक वेळा काही बिघडत नाही. प्राणवायू, साखर आणि आईच्या शरीरातील काही प्रतिकारक प्रथिने या पडद्यातून बाळाकडे येतात, तर कार्बन डायऑक्साइड आणि इतर टाकाऊ द्रव्ये उलट जातात. दिवस भरत आले म्हणजे या सर्व अंकुरांचा पृष्ठभाग मिळून दहा चौरस मीटरांहून अधिक होतो. जेमतेम अर्धा किलो वजनाच्या त्या अवयवाला आपण प्रसूतीनंतर टाकून देतो, पण तोपर्यंत त्याने फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि आतडी या तिघांचे काम एकट्याने केलेले असते.

तरीही वार म्हणजे फुप्फुस नव्हे. तिच्यातून बाळाकडे निघालेले सर्वांत चांगले रक्तही प्राणवायूने सुमारे ८० टक्केच भरलेले असते. प्रौढ माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावल्यावर ८० आकडा दिसला तर घरात धावपळ उडेल. बाळ मात्र एवढ्यावर वाढते, लाथा मारते आणि अंगठा चोखते. त्यामागची पहिली सोय म्हणजे गर्भाचे वेगळे हिमोग्लोबिन. लाल पेशींत असलेल्या एका फॉस्फरसयुक्त द्रव्यामुळे मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडून देते. गर्भाच्या हिमोग्लोबिनवर त्या द्रव्याचा फारसा प्रभाव पडत नाही, त्यामुळे आईचे रक्त जिथे प्राणवायू सोडते तिथेच बाळाचे रक्त तो ओढून घेते. दुसरी सोय म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रमाण, जे दिवस भरताना प्रौढ स्त्रीपेक्षा बरेच जास्त, दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १६ ते १८ ग्रॅमपर्यंत असते. तिसरी सोय हृदयाचा वेग. गर्भधारणेनंतर सुमारे २२व्या दिवशी धडधडू लागलेले हे हृदय पुढे मिनिटाला ११० ते १६० ठोके टाकत राहते.

आता रक्ताबरोबर प्रवासाला निघू. नाळेतील नीला बेंबीतून आत शिरते आणि सरळ वर यकृताकडे जाते. तिच्यातील बरेचसे रक्त यकृतात पसरते, पण काही भाग डक्टस व्हेनोसस नावाच्या एका अरुंद वाहिनीतून यकृत टाळून थेट अधो महानीलेत, म्हणजे खालच्या शरीरातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेत, पोहोचतो. निम्मे रक्त या वाहिनीने जाते असे पूर्वी शिकवले जाई. पुढे सोनोग्राफीने मानवी गर्भातील प्रवाह मोजता येऊ लागला तेव्हा हा वाटा २० ते ३० टक्क्यांच्या आसपास भरला. वाटा लहान असला तरी या वाहिनीचे महत्त्व तिच्या अरुंदपणात आहे. अरुंद जागेतून जाताना रक्ताचा वेग वाढतो, आणि हा वेगवान प्रवाह महानीलेतील काळपट रक्तात पूर्णपणे मिसळून न जाता आपली बाजू धरून हृदयात शिरतो.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे आणि खालचे दोन म्हणजे निलये. जन्मानंतर उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांत जाऊन डाव्या बाजूला येते. उजवे आणि डावे कधी थेट भेटत नाही. गर्भात मात्र दोन अलिंदांमधील पडद्यात एक लंबगोल छिद्र उघडे असते. महानीलेतून वेगाने आलेले चांगले रक्त नेमके या छिद्राच्या दिशेने जाते, डाव्या अलिंदात उतरते, तिथून डाव्या निलयात आणि मग महारोहिणीत. महारोहिणीच्या पहिल्या शाखा हृदयाच्या स्नायूंना, मेंदूला आणि हातांना जातात. या रक्तात प्राणवायूचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असते, आणि यकृताला मिळणारे रक्त सोडले तर गर्भाच्या अवयवांना पुरवल्या जाणाऱ्या रक्तापैकी हे सर्वांत चांगले रक्त होय.

डोक्याकडून आणि हातांकडून परत येणारे रक्त याच्या उलट अगदी काळपट असते. ते उजव्या अलिंदातून उजव्या निलयात उतरते आणि तिथून फुप्फुस रोहिणीत ढकलले जाते. पण पुढे फुप्फुसे मिटलेली आहेत. त्यांच्या पोकळ्या द्रवाने भरलेल्या आहेत आणि प्राणवायू कमी असल्यामुळे त्यांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसून बसलेल्या आहेत. तिकडे फक्त थोडे, हृदयातून निघालेल्या एकूण रक्ताच्या साधारण १० ते २० टक्के रक्त जाते, तेही फुप्फुसे वाढावीत म्हणून. बाकीचे रक्त डक्टस आर्टेरिओसस या आखूड पण रुंद वाहिनीतून महारोहिणीत उतरते. ही वाहिनी महारोहिणीला कुठे मिळते हा तपशील फार मोलाचा आहे. ती मेंदूकडे जाणाऱ्या शाखा फुटून गेल्यानंतर मिळते. त्यामुळे काळपट रक्त मेंदूच्या वाटेला न जाता खाली उतरते, पोटाला आणि पायांना जाते, आणि त्यातला मोठा भाग दोन नाळ-रोहिण्यांतून वारेकडे पुन्हा प्राणवायू घ्यायला निघतो.

म्हणजे गर्भाची दोन्ही निलये एकामागून एक काम करत नाहीत, ती शेजारी शेजारी उभी राहून एकाच शरीराला रक्त पुरवतात, आणि त्यातही उजव्याचा वाटा थोडा जास्त असतो. नवजात बाळाच्या उजव्या निलयाची भिंत डाव्याइतकी जाड असते ती यामुळेच. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला तेव्हा गर्भातील या दोन उघड्या वाटा त्यांच्या युक्तिवादाचा भाग होत्या. त्या वाटा पूर्वीपासून ठाऊक होत्या. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन यानेही त्यांचे वर्णन केले होते. हार्वे यांचे म्हणणे असे की ज्या वाटांनी गर्भातले रक्त फुप्फुसे टाळून पलीकडे जाते त्या मोठेपणी बंद झालेल्या दिसतात, तेव्हा मोठ्या माणसाच्या रक्ताला फुप्फुसांतून जाण्याखेरीज गत्यंतर नाही. मला हा युक्तिवाद आजही फार देखणा वाटतो.

या सर्व वाटांवर कोणी पहारेकरी नाही. कुठल्या छिद्रातून रक्त कोणत्या दिशेला जायचे हे केवळ दोन बाजूंच्या दाबावर ठरते. कोकणात खाडीकाठी ज्यांची खारवटीची शेती आहे त्यांना हे सांगायला नको, कारण खार बंधाऱ्याच्या उघाडीची झडप याच तत्त्वावर चालते. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी आतून रेटते आणि झडप खाडीच्या बाजूला उघडते. भरती चढली की खाडीचेच पाणी तिला चौकटीवर दाबून बसवते आणि खारे पाणी आत येऊ शकत नाही. झडप एकाच बाजूला उघडते आणि ती उघडायची की नाही हे पाण्याची पातळी ठरवते. लंबगोल छिद्राला डाव्या बाजूने असाच एक पातळ पापुद्रा असतो. गर्भात उजव्या अलिंदातील दाब थोडा जास्त असल्यामुळे तो डावीकडे ढकलला गेलेला असतो आणि वाट मोकळी राहते. डावीकडचा दाब वाढला तर तो पडद्यावर चिकटून बसेल. प्रश्न एवढाच की हा दाब वाढवणार कोण, आणि त्याचे उत्तर जन्माच्या क्षणी मिळते.

प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरके वाढतात आणि फुप्फुसांतील द्रव पाझरणे थांबून तो उलट शोषला जाऊ लागतो. कळा न येताच सिझेरियन झालेल्या बाळांना पहिला दिवसभर धाप लागण्याची शक्यता जास्त असते, कारण त्यांना ही तयारी करायला वेळ मिळालेला नसतो. बाहेर आल्यावर बाळ पहिले काही श्वास जोराने घेते, हवा आत शिरते आणि उरलेला द्रव भोवतालच्या ऊतींत ढकलला जातो. फुप्फुसे फुलताच आणि प्राणवायूचा स्पर्श होताच त्यांच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि फुप्फुसांकडचा प्रवाह गर्भावस्थेच्या आठ ते दहा पट होतो. हे सारे रक्त फुप्फुसांतून परतून डाव्या अलिंदात येते, तिथला दाब वाढतो आणि पापुद्रा पडद्यावर दाबला जातो. दुसरीकडे नाळेतून प्रवाह थांबला की कमी अडथळ्याची प्रशस्त वार अभिसरणातून वजा होते, त्यामुळे महारोहिणीतील दाब वाढतो आणि उजव्या अलिंदात येणारे रक्त घटते. दोन्ही बाजूंनी तराजू एकाच दिशेला झुकतो.

पण हे बदल क्षणात पूर्ण होत नाहीत, आणि प्रसूतिगृहात हजर असलेल्या आजीला बाळ निळे दिसले म्हणून घाबरे होण्याचे कारण नसते. निरोगी बाळाच्या रक्तातील प्राणवायू पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्के असतो, पाचव्या मिनिटाला ८० ते ८५ आणि दहाव्या मिनिटाला ८५ ते ९५. आधी ओठ, जीभ आणि छाती गुलाबी होतात. तळहात व तळपाय एखादा दिवस निळसर राहू शकतात. ओठ आणि जीभ निळी राहिली तर मात्र तो वेगळा विषय आहे. याच काळात बाळाला गारठा लागू देऊ नये असे परिचारिका वारंवार बजावतात ते उगाच नाही. थंडीने आणि प्राणवायूच्या कमतरतेने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या पुन्हा आकसतात, उजवीकडचा दाब वाढतो आणि रक्त जुन्या वाटांनी फुप्फुसे टाळून वाहू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल आलेल्या आणि वाळत घातलेले कपडे दोन दिवस दमट राहणाऱ्या घरात बाळ जन्मताच त्याला आंघोळ घालण्याची हौस म्हणूनच आवरती घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही पहिली आंघोळ २४ तासांनंतर घालण्याचा आहे. तोवर बाळ कोरडे पुसून आईच्या छातीशी धरणे पुरेसे आहे.

नाळ केव्हा कापावी हा प्रश्नही याच अभिसरणाशी जोडलेला आहे. जन्मानंतर थोडा वेळ वारेतून बाळाकडे रक्त येतच असते. दिवस भरलेल्या बाळाला दोन-तीन मिनिटांत या वाटेने ८० ते १०० मिलिलिटर रक्त मिळू शकते, आणि ज्याच्या अंगात एकूण रक्तच पावशेर-दीड पावशेर त्याच्या दृष्टीने ही मोठी ठेव असते. पुढच्या काही महिन्यांचे लोह त्यात येते. मेंढीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. पिलाने श्वास घेण्याआधीच नाळ बंद केली तर डाव्या निलयाला वारेकडून मिळणारे रक्त तुटते आणि फुप्फुसांकडून अजून यायला लागलेले नसते, त्यामुळे हृदयाचे ठोके काही काळ मंदावतात. आधी श्वास आणि मग नाळ असा क्रम राहिला तर ही खोट येत नाही. म्हणून बाळ-बाळंतीण ठीक असतील तर किमान एक मिनिट थांबावे असे आज सांगितले जाते. वार पडेपर्यंत नाळ न कापणाऱ्या जुन्या सुइणींचे थांबणे बरोबर होते असे म्हणावे लागते, मात्र त्यांचे विळे आणि पाती किती बाळांना धनुर्वात देऊन गेली हे विसरून त्यांचे सरसकट गुणगान करण्यात अर्थ नाही.

लंबगोल छिद्र पहिल्या काही श्वासांनंतर मिटू लागते, पण डक्टस आर्टेरिओससला वेळ लागतो. ही वाहिनी गर्भात उघडी राहते ती दोन कारणांनी: प्राणवायू कमी असतो, आणि वारेत तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तिच्या भिंतीतील स्नायूंना सैल ठेवते. जन्मानंतर प्राणवायू वाढतो, वार निघून जाते आणि उरलेल्या प्रोस्टाग्लँडिनचा नाश आता रक्ताने भरलेली फुप्फुसे करतात. वाहिनीचे स्नायू आवळू लागतात. दिवस भरलेल्या बहुतेक बाळांत ती पहिल्या एक ते तीन दिवसांत बंद होते आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत तिची दोरी बनते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे स्नायू कच्चे असल्याने वाहिनी उघडी राहते, आणि आता महारोहिणीतला दाब जास्त असल्यामुळे रक्त उलट्या दिशेने, फुप्फुसांकडे, लोटू लागते. यालाच डॉक्टर पीडीए म्हणतात. अशी वाहिनी शस्त्रक्रियेने प्रथम यशस्वीपणे बांधली ती बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी, १९३८ साली. १९७६ साली इंडोमेथॅसिन या वेदनाशामक औषधाने ती बंद करता येते असे दोन गटांनी दाखवून दिले, कारण हे औषध प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलही यासाठी वापरतात.

याच गोष्टीची दुसरी बाजू गर्भवती स्त्रियांना माहीत असायला हवी. लावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी वार ओलांडून बाळापर्यंत जाते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत ती पोटातल्या बाळाची ही वाहिनी वेळेआधीच आवळू शकते. २० आठवड्यांनंतर अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डॉक्टरांनीच रक्तदाबाच्या भीतीने दिलेली अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा ही वेगळी बाब आहे आणि ती आपल्या मनाने बंद करू नये.

आता या विषयातल्या सर्वांत अवघड भागाकडे येऊ. काही बाळांच्या हृदयाची रचना जन्मतः सदोष असते, आणि गर्भात असेपर्यंत त्याचा काहीच त्रास होत नाही. फुप्फुस रोहिणी बंद असली तरी फुप्फुसांची गरजच नसते. महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असल्या तरी दोन्ही निलये शेवटी एकाच शरीराला रक्त देत असतात. असे बाळ चांगल्या वजनाचे, खणखणीत रडणारे जन्मते. जोवर डक्टस आर्टेरिओसस उघडी आहे तोवर ते तग धरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने, निसर्गनियमाप्रमाणे ती मिटू लागते, आणि निरोगी बाळासाठी जे योग्य तेच या बाळाच्या जिवावर उठते. अशा वेळी डॉक्टर बाळाला शिरेतून प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन सतत थेंबाथेंबाने देतात आणि वाहिनी पुन्हा उघडतात. ज्या द्रव्याला एका बाळात रोखायचे तेच दुसऱ्याला बाहेरून द्यायचे. या औषधाने बाळाचा श्वास मधूनच थांबू शकतो, त्यामुळे पुढच्या रुग्णालयात नेताना रुग्णवाहिकेत श्वास देण्याची तयारी असलेला माणूस लागतो.

हे ओळखण्याची एक स्वस्त आणि बिनदुखीची युक्ती उपलब्ध आहे. बाळ २४ तासांचे झाले की पट्टीसारखा लहान ऑक्सिमीटर आधी उजव्या तळहाताला आणि मग कुठल्याही एका पायाला लावायचा. उजवाच हात घ्यायचा, कारण त्याची रोहिणी महारोहिणीतून डक्टसच्या अलीकडे फुटते, तर पायाकडचे रक्त डक्टसच्या पलीकडून येते. डाव्या हाताची शाखा अगदी त्या सांध्याजवळ असल्याने तिचा भरवसा धरत नाहीत. दोन्ही ठिकाणी ९५ किंवा अधिक आकडा आला आणि दोहोंत तीनपेक्षा जास्त फरक नसला तर समाधान मानायचे. कुठेही ९०च्या खाली आला तर ताबडतोब पुढची तपासणी करायची, आणि मधला आकडा आला तर तासाभराने पुन्हा मोजायचे. बाळाचा पाय गार असला किंवा ते रडत असले तर यंत्राची रेघ नाचत राहते आणि आकडा खोटा येतो, म्हणून पाय चोळून गरम करून, दूध पिऊन बाळ शांत झाल्यावर मोजणे बरे. ही तपासणी सगळेच दोष पकडत नाही. महारोहिणी खाली अरुंद असेल तर ती निसटू शकते, आणि म्हणून जांघेतील नाडी बोटांनी चाचपून पाहणे अजूनही चुकलेले नाही.

आपल्याकडे हे अधिक गंभीरपणे घ्यावे लागते ते भूगोलामुळे. देवगड, राजापूर किंवा गुहागरच्या बाळाला लहान मुलांच्या हृदयाचे तज्ज्ञ हवे असतील तर मुंबई, घाट चढून कोल्हापूर किंवा दक्षिणेकडच्यांना गोव्यातील बांबोळी गाठावी लागते, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की वाट तासांनी नव्हे तर दिवसाने लांबते. त्यातच मुंबईला राहणारी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, आणि तिची १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीची फाइल मात्र मुंबईच्या कपाटात राहते. ती फाइल पिशवीत पहिली पडायला हवी. त्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्या पाहिल्या जातात, आणि काही शंका असेल तर बाळंतपण कुठे करायचे हे आधीच ठरवता येते; अशा बाळाला पोटात घेऊन घाट ओलांडणे हे त्याला रुग्णवाहिकेत घालून नेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

घरी गेलेल्या बाळाला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी भेट देतात. त्यांतल्या पहिल्या दोन भेटी नेमक्या डक्टस मिटण्याच्या काळात येतात. स्वस्थ झोपलेले असतानाही मिनिटाला ६०हून अधिक श्वास, दूध ओढता ओढता थकून सोडून देणे आणि कपाळावर घाम, ओठ-जीभ निळी पडणे, पाय गार आणि पांढरे पडणे, यांतले काहीही दिसले तर दृष्ट काढून पुढच्या भेटीची वाट पाहत बसू नये. १०८ला फोन करावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांची नोंद, तपासणी आणि उपचारांची व्यवस्था आहे, तेव्हा खर्चाच्या धास्तीने घरी थांबण्याचेही कारण नाही.

बेंबीविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. नाळेच्या रोहिण्या जन्मानंतर लगेच आकसतात, पण नीलेची पोकळी काही दिवस पूर्ण बुजत नाही. अत्यवस्थ बाळाला औषधे देण्यासाठी डॉक्टर याच नीलेतून नळी घालतात. तीच वाट जंतूंनाही मोकळी असते आणि ती थेट यकृताकडे जाते, म्हणून देठावर राख, हळद वा तेल न लावता तो कोरडा ठेवावा. डक्टस व्हेनोसस साधारण पहिल्या आठवड्यात मिटते. पुढे नीलेची दोरी होते, आणि मोठेपणी पोटाची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला ती बेंबीपासून यकृतापर्यंत गेलेली दिसते.

लंबगोल छिद्राचा पापुद्रा मात्र सर्वांच्या बाबतीत पडद्याला कायमचा जुळत नाही. सुमारे चारांपैकी एका प्रौढ माणसात तो नुसता टेकलेला राहतो. डावीकडचा दाब जास्त असल्याने वाट बंद असते आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. खोकताना, जोर करताना उजवीकडचा दाब क्षणभर वाढला की तो किंचित उघडू शकतो, आणि तरुण वयात कारण न सापडणाऱ्या पक्षाघाताच्या काही रुग्णांत डॉक्टर या वाटेचा शोध घेतात. तारकर्लीला स्कूबा शिकायला जाणाऱ्यांच्या दृष्टीनेही हा तपशील कामाचा आहे. खोल पाण्यातून वर येताना नायट्रोजनचे बारीक बुडबुडे नीलांतील रक्तात तयार होतात आणि एरवी फुप्फुसांत गाळले जातात. पापुद्रा सैल असेल तर ते थेट डाव्या बाजूला जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. पर्यटकांना उथळ पाण्यात थोडा वेळ नेतात तेव्हा हा धोका नगण्य असतो, पण खोल आणि वारंवार बुड्या मारणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्याला नियम पाळूनही पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर त्याच्या हाताच्या शिरेतून घुसळलेले सलाइन देऊन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात, आणि सलाइनमधले बुडबुडे डाव्या अलिंदात दिसतात का हे पाहतात.